पायांत चाळ, हातांत पाटी



या वसंत व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हाला विषय विचारला, तेव्हा ‘दूरच्या खेड्यापाड्यांतील मुलींचे गायन-नृत्य-नाट्याचे शिक्षण’ असे आम्ही कळवले. त्यावर चालकांपैकी एक गृहस्थ मोठ्या सौजन्याने म्हणाले, “विषय चांगला आहे, पण तिकडे शाळेला धड छप्पर नाही, नळाला पाणी नाही, आणि आपण गाण्याबजावण्याचे बोलणार?” हा आक्षेप त्या एकट्या गृहस्थांचा आहे असे आम्ही समजत नाही. आपल्यापैकी पुष्कळांच्या मनात तो असेल. आणि हसून बाजूला सारावा असाही तो नाही. म्हणून आज आम्ही जे काही बोलणार आहोत, ते सारे त्या एका प्रश्नाचे उत्तर आहे असे आपण समजावे.

दिवस उन्हाळ्याचे आहेत, तेव्हा उन्हाळ्यातच दिसणाऱ्या एका गावापासून आरंभ करतो. गोव्यात सांगे तालुक्यात कुर्डी म्हणून एक गाव होते. ‘होते’ असे म्हणतो, कारण साळावलीचे धरण झाले आणि गाव पाण्याखाली गेले. दरसाल मे महिन्यात पाणी ओसरले की घरांची जोती, वाटा, देवस्थानाच्या खुणा पुन्हा उघड्या पडतात. इकडेतिकडे पांगलेले गावकरी त्या दिवसांत तेथे जमतात, उत्सव करतात, आणि पाऊस लागला की गाव पुन्हा पाण्याच्या स्वाधीन करून परततात. त्या कुर्डी गावात १९०४ साली एक मुलगी जन्मली. तिचे नाव मोगुबाई. गाव बुडाले, परंतु ‘कुर्डीकर’ हे नाव हिंदुस्थानी संगीत ऐकणाऱ्यांच्या जगात बुडालेले नाही.

मोगुबाईंना गाणे कसे मिळाले, हे जरा बारकाईने पाहू. मुलीने गाण्यात नाव काढावे अशी आई जयश्रीबाई यांची तळमळ होती. त्यांनी मुलीला प्रथम एका हरिदासांकडे नेले, मग एका फिरत्या नाटकमंडळीत घातले. मुलगी दहा वर्षांची होते न होते तोच आई वारली. पुढे दुसरी मंडळी, दुसरे गाव, दुसरे शिक्षक. मग आजारपण आले आणि त्यासाठी सांगलीस राहणे प्राप्त झाले. तेथे घराजवळून जातायेता उस्ताद अल्लादिया खाँसाहेबांच्या कानांवर तिचा रियाज पडला, आणि ते आपण होऊन शिकवू लागले, असे सांगतात. पुढे खाँसाहेब मुंबईस गेले, तेव्हा तीही मुंबईस आली. मध्यंतरी ती तालीम तुटली, दुसऱ्या गुरूंची दारे ठोठवावी लागली, आणि कित्येक वर्षांनी पुन्हा खाँसाहेबांच्या गंडाबंधनापर्यंत ती पोहोचली. त्यापुढचे आपण जाणताच. १९७४ साली त्यांना पद्मभूषण मिळाले; आणि त्यांच्या कन्या किशोरी आमोणकर यांनी तीच विद्या पुढच्या पिढीत कोठवर नेली, हे या सभेला सांगण्याची आवश्यकता नाही.

ही कथा आपण कौतुकाने ऐकतो आणि म्हणतो, ‘पाहा, प्रतिभा असली की वाट सापडते!’ आमचे मत उलट आहे. ही कथा वाट नसल्याची आहे. एका मुलीच्या शिक्षणासाठी किती योगायोग जुळून यावे लागले ते मोजा. आई जिद्दीची असावी लागली. हाताशी एक नाटकमंडळी असावी लागली. आजार यावा लागला, तोही सांगलीस नेणारा. आणि काळातील एका थोर गवयाची वाट नेमकी त्याच घरावरून जावी लागली. कुर्डीत त्या काळी आणखी मुली असतीलच. त्यांच्या दारावरून कोणी उस्ताद गेला नाही, एवढेच. शिक्षणाची व्यवस्था म्हणजे दुसरे काय? योगायोगावाचून काम भागावे, यासाठी माणसांनी केलेली तजवीज म्हणजे व्यवस्था. गणित शिकायला मिळावे म्हणून मुलीने आजारी पडावे लागत नाही. गाण्याच्या बाबतीत मात्र ते आपल्याला स्वाभाविक वाटते!

या गोष्टीला आणखी एक बाजू आहे, आणि तिच्याविषयी बोलताना आपण थोडे सावकाश जाऊ. मोगुबाईंचा जन्म ज्या समाजात झाला, त्या समाजात स्त्रियांचे गाणे हे देवळाच्या सेवेशी जन्मानेच बांधलेले होते. गाणे ही त्यांची निवड नव्हती. गाणे हा त्यांचा वाटा होता, आणि त्याबरोबर येणारी अप्रतिष्ठाही वाट्यालाच आलेली होती. देवदासींच्या संरक्षणाचा कायदा मुंबई प्रांतात १९३४ साली झाला, मद्रासेत १९४७ साली झाला, आणि महाराष्ट्राला या विषयावर पुन्हा नवा कायदा २००५ साली करावा लागला. म्हणजे रोग किती चिवट होता, ते ध्यानात यावे.

त्याच काळात, त्याच गावांत, दुसऱ्या घरांतील मुलींना काय सांगितले जात होते? गाणे हे आपले काम नव्हे. पायात घुंगरू म्हणजे घराण्याला बट्टा. एकीला जे सक्तीचे, तेच दुसरीला निषिद्ध! सूर तेच, ताल तोच. फरक फक्त कोणत्या घरी पाळणा हलला एवढाच. या दोन्ही मुलींची अवस्था परस्परविरुद्ध दिसते, पण मुळात ती एकच आहे. दोघींनाही कोणी विचारले नाही. आम्ही आज जे म्हणणार आहोत ते एवढ्यातच सामावलेले आहे: कला ही मुलीच्या जन्माला चिकटलेले वतन न राहता तिने निवडलेली विद्या व्हावी. आणि वतनाची विद्या करण्याचे जगात एकच साधन आहे. ते म्हणजे रीतसर शिक्षण.

आता कोणी म्हणेल, हे काम तर केव्हाच झाले. पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढले. गाणे दिवाणखान्यातून काढून वर्गात आणले. पाठ्यक्रम आखले, पुस्तके छापली. आणि पुढे त्यांच्या शिष्यांनी परीक्षांचे जाळे देशभर पसरवले. भल्या घरच्या मुली तंबोरा घेऊन बसू लागल्या, त्यामागे हे ऋण मोठे आहे. ते आम्ही नतमस्तक होऊन मान्य करतो. परंतु त्या परीक्षांची केंद्रे कोठे झाली? शहरांत, तालुक्याच्या गावांत, जेथे वर्ग चालवणारा शिक्षक आणि फी देणारा पालक होता तेथे. गाणे विद्या झाले खरे. पण शहराची विद्या झाले. ज्या स्त्रियांनी ते पिढ्यान्‌पिढ्या सांभाळले, त्यांतील पुष्कळ जणी त्या वर्गाबाहेरच राहिल्या. आणि डोंगराआडच्या मुलीला तर त्या वर्गाची घंटाही ऐकू गेली नाही. आजसुद्धा तेच. शास्त्रीय कला आणि लोककला यांसाठी दहावीच्या परीक्षेत वाढीव गुण देण्याची सोय महाराष्ट्रात आहे. सोय चांगली आहे. पण त्या गुणांसाठी लागणारी प्रमाणपत्रे मिळवणे कोणाला सोपे जाते? ज्यांच्या गल्लीत वर्ग आहे त्यांना. अक्कलकुव्याच्या किंवा धारणीच्या पाड्यावर उपजत लयीवर पावले टाकणाऱ्या मुलीजवळ पावले असतात, कागद नसतो.

श्रोतेहो, आता तमाशाच्या कनातीकडे वळू. कारण महाराष्ट्रात चाळ आणि पाटी यांचे भांडण तेथे सर्वांत उघडे दिसते. मोठे ढोलकी-फड दसऱ्याच्या सुमारास बाहेर पडतात. गुढीपाडवा आला की नारायणगावात त्यांच्या राहुट्या पडतात, गावोगावचे जत्रेचे पंच तेथे येऊन सुपारी देतात, आणि चैत्र-वैशाखाच्या जत्रा आटोपेपर्यंत फडाला उसंत नसते. आज या गावी, उद्या त्या गावी. रात्री खेळ, दिवसा प्रवास. आणि आपली शाळा केव्हा भरते? जूनमध्ये उघडते, एप्रिलमध्ये मिटते. म्हणजे फडाबरोबर फिरणाऱ्या मुलीला शाळा लाभते ती फक्त पावसाळ्याची. दिवाळीपूर्वी तिचे नाव पटावर असते, दिवाळीनंतर ‘गैरहजर’ असा शेरा असतो, आणि दोन-तीन वर्षांनी नावही नसते. यात मुलीच्या बुद्धीचा दोष नाही, आईबापांच्या मायेचा नाही. दोन पंचांगे जुळत नाहीत, एवढाच दोष आहे. पंचांग माणसानेच केलेले असते. ते माणसाला बदलताही येते.

विठाबाई नारायणगावकरांचे उदाहरण आपल्याला ठाऊक आहे. १९३५ साली पंढरपुरास जन्म. भाऊ-बापू नारायणगावकरांच्या फडाचा वारसा. राष्ट्रपतींकडून दोनदा सन्मान, १९५७ साली आणि १९९० साली. पूर्ण दिवस भरलेले असताना त्या खेळाला उभ्या राहिल्या, कळा सुरू झाल्यावर आत जाऊन बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा प्रेक्षकांसमोर आल्या, ही हकिगत महाराष्ट्रात अभिमानाने सांगितली जाते. आम्हाला ती ऐकताना अभिमानाबरोबर लाजही वाटते. ज्या बाईला बाळंतपणाची एक रात्रसुद्धा मागून घेता येत नाही, तिला आपण ‘सम्राज्ञी’ म्हणायचे! २००२ साली त्या गेल्या तेव्हा त्यांचे दिवस ओढाताणीचे होते. पुढे सरकारने त्यांच्या नावाने पुरस्कार ठेवला. पुरस्कार हवाच. पण पुरस्कार हा प्रवासाच्या शेवटी मिळतो. शिदोरी आरंभी लागते.

आणि या कनातीच्या आतील दुःख किती खोल असते, ते डॉक्टर किशोर शांताबाई काळे यांनी १९९४ साली ‘कोल्हाट्याचं पोर’ या आत्मकथनात लिहून ठेवले. नाचणाऱ्या मुलीच्या कमाईवर घर चालते, म्हणून तिच्या शिकण्याची, तिच्या संसाराची आड येणारी घरचीच माणसे त्यांनी दाखवली. ते पुस्तक ज्याने वाचले, तो ‘परंपरा टिकली पाहिजे’ हे वाक्य पुन्हा सहज उच्चारणार नाही. परंपरा टिकावी, पण मुलीच्या जिवावर टिकू नये. तमाशातल्या मुलीला आधी पाटी द्या. मग मोठी झाल्यावर तिने चाळ बांधले, तर ती कलावंत. आणि नाही बांधले, तर ती शिक्षिका, परिचारिका, वकील, जे तिला व्हावेसे वाटेल ते. शिक्षणाची खरी कसोटी हीच की ते घेऊन मुलीला कलेत येता यावे, तसे कलेतून बाहेरही पडता यावे.

मग असे शिक्षण कोठे कोणी देऊन पाहिले आहे काय? पाहिले आहे. त्यासाठी थोडे दक्षिणेस, तमिळनाडूत जावे लागेल. तेथील उत्तर भागात ‘कट्टैक्कूत्तु’ नावाचे लोकनाट्य आहे. आपल्या दशावताराप्रमाणे हाही रात्रभर चालणारा खेळ. महाभारताच्या कथा, खांद्यांवर आणि डोक्यावर लाकडी अलंकारांचा मोठा साज, आणि गाणे, बोलणे, नाचणे एकाच नटाने करायचे. स्त्रीपात्रेही पुरुषच करीत आले. पी. राजगोपाल हे या कलेतील एक नट. ते लहानपणीच शाळा सोडून फडात गेले. आपले जे झाले ते पुढच्या मुलांचे होऊ नये, या विचाराने त्यांनी आणि त्यांच्या पत्नी हॅन डी ब्राउन यांनी २००२ साली कांचीपुरमजवळच्या एका खेड्यात निवासी गुरुकुल काढले. त्याची रीत साधी होती. मुलांनी तेथेच राहायचे, तेथेच जेवायचे. कूत्तु शिकायचे आणि शाळेचे विषयही शिकायचे, एकासाठी दुसरे सोडायचे नाही. आणि मोठी गोष्ट ही की तेथे मुलींनाही घेतले. ज्या खेळात स्त्रीला मंचावर स्थानच नव्हते, त्यात खेड्यातल्या, गरीब घरच्या मुली राजांच्या आणि वीरांच्या भूमिका करू लागल्या. २०२० साली ते गुरुकुल बंद झाले. अठरा वर्षे ते चालले. आम्ही याला अपयश म्हणत नाही. पण त्यातून एक गोष्ट मात्र घ्यावी: दोन माणसांच्या खांद्यांवर उभे केलेले छप्पर किती दिवस धरणार? पाठीशी समाज हवा.

आणि समाज, संस्था, सरकार असे सारे पाठीशी असूनही मुलींना किती थांबावे लागते, त्याचे उदाहरण शेजारच्या केरळात आहे. महाकवी वळ्ळत्तोळ यांनी १९३० साली केरळ कलामंडलम् स्थापन केले. कथकळी जगभर गाजवण्याचे श्रेय त्या संस्थेला फार मोठे आहे. मात्र तेथील कथकळीच्या अभ्यासक्रमाला मुलींना प्रवेश मिळाला तो २०२१ साली. नव्वद वर्षे लागली! मधल्या काळात बायका कथकळी करीत नव्हत्या काय? करीत होत्या. १९७५ साली त्रिपुणितुरा येथे स्त्रियांचे स्वतंत्र कथकळी पथकसुद्धा निघाले. म्हणजे अंगात कला होती, धीर होता, प्रेक्षकही होते. उणे होते ते केवळ विद्यालयाचे दार. कायद्याने कोणी बंदी केली नव्हती. ‘हे मुलींना झेपणार नाही’ एवढ्या एका समजुतीने नव्वद वर्षे ते दार लावून ठेवले.

छत्तीसगडच्या तीजनबाईंनी तर दारच मोडले. दुर्ग जिल्ह्यातील गनियारी गावची, पारधी समाजातील ही मुलगी आजोबांच्या तोंडून महाभारताची कथा ऐकत पंडवानी शिकली. बायकांनी पंडवानी गायची तर बसून गायची, असा रिवाज. उभे राहून, तंबुरा गदेसारखा पेलीत गाणे हा पुरुषांचा प्रांत. ती वयाच्या तेराव्या वर्षापासून लोकांसमोर गाऊ लागली, आणि उभी राहून गायली. त्यासाठी समाजाने तिला बाहेर काढले. पुढे देशाने तिला पद्मविभूषण दिले, ते २०१९ साली. पण दार मोडण्याइतके बळ प्रत्येक मुलीत असावे अशी अपेक्षा करणे न्यायाचे नाही. साधारण बळाच्या, साधारण घरच्या मुलीलाही आत येता यावे, म्हणून तर दार उघडे ठेवायचे असते.

येथे एक कबुली द्यावयाची आहे. काही वर्षांपूर्वी एका डोंगराळ तालुक्यातील निवासी शाळेत स्नेहसंमेलनाला परीक्षक म्हणून आम्ही गेलो होतो. सातवी-आठवीतली एक मुलगी नाचली. तिला ताल कोणी शिकवला नव्हता. तो तिच्या अंगात होता. ढोलकीवाला चुकला, पण ती चुकली नाही. आम्ही टाळ्या वाजवल्या, भाषणात तिचे नाव घेतले, एक प्याला तिच्या हाती दिला, छायाचित्र काढून घेतले, आणि चहा घेऊन मोटारीत बसलो. दोन वर्षांनी त्याच शाळेत पुन्हा जाणे झाले. ती दिसली नाही. चौकशी केली तेव्हा कळले, घरची मंडळी ऊसतोडीला गेली, तिच्याबरोबर धाकटी भावंडेही होती. ती परत आली नाही. शाळेला दोष देण्यासाठी आम्ही हे सांगत नाही; तेथील शिक्षक बिचारे चार माणसांचे काम दोघे करीत होते. दोष आमचा आहे. त्या दिवशी आम्ही तिला नाव विचारले, इयत्ता विचारली. ‘तुला कोण शिकवते? तुला शिकायचे आहे का?’ हे विचारले नाही. आम्ही तिला मंच दिला आणि समजलो की कलेला उत्तेजन दिले! मंच देणे आणि शिक्षण देणे यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. मंच एका संध्याकाळचा असतो. शिक्षणाला दहा वर्षे लागतात. आणि टाळी वाजवायला काही खर्च येत नाही, म्हणून ती आपण इतकी मोकळ्या हाताने देतो.

आता पहिल्या प्रश्नाकडे परत येतो. छप्पर आधी की गाणे आधी? छप्पर आधी, यात वाद नाही. पण छप्पर घातल्यावर त्याखाली मुलीने टिकावे असे काहीतरी हवे की नको? ज्या शाळेत आपली भाषा नाही, आपले गाणे नाही, आपल्याला येते असे काहीच नाही, ती शाळा मुलीला परकी वाटते. तेथेच तिला कोणी म्हणाले, ‘तुझ्या आजीचे गाणे म्हण, आपण ते लिहून घेऊ, त्याची मात्रा मोजू,’ तर तीच शाळा तिची होते. शिवाय गाणे-नाट्य शिकणारी मुलगी आणखी एक गोष्ट शिकते. ती चारचौघांत ताठ उभी राहायला शिकते. आवाज कोठून काढायचा, शेवटच्या रांगेपर्यंत कसा पोहोचवायचा, हे शिकते. ज्या मुलीला आपला आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचवता येतो, तिला घरात, कोवळ्या वयात लग्नाची बोलणी सुरू झाली असता, ‘मला आत्ता लग्न करायचे नाही’ हेही थोडे स्पष्ट म्हणता येईल, अशी आमची आशा आहे. हा लाभ आम्हाला कोणत्याही पदकापेक्षा मोठा वाटतो.

मग करावे काय? उपदेश करून थांबणे बरे नव्हे, म्हणून चार गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट, शिक्षक मुलीकडे जावा. देशात सांस्कृतिक स्रोत व प्रशिक्षण केंद्राची शिष्यवृत्ती आहे. ती दहा ते चौदा वर्षांच्या मुलांमुलींना कलाशिक्षणासाठी मिळते, आणि पारंपरिक कलावंतांच्या घरांतील मुलांसाठी तीत काही जागाही राखलेल्या आहेत. योजना उत्तम. पण शिकवणारा पन्नास मैलांवर असेल, तर शिष्यवृत्तीचे पैसे एस. टी.च्या तिकिटातच जायचे, आणि एकट्या मुलीला त्या एस. टी.त कोण बसवणार? मुलींसाठी कस्तुरबा गांधी बालिका विद्यालयांची निवासी योजना २००४ सालापासून आहे, आश्रमशाळा आहेत. तेथे मुली आधीच राहतात. त्यांना बाहेर नेण्यापेक्षा तेथेच एक शिक्षिका नेमणे सोपे आहे. आणि ती शिक्षिका पदवीवालीच हवी असे नाही. आयुष्यभर फडात गायलेली, आता घरी बसलेली एखादी बाई त्या कामाला अधिक लायक असेल. तिला मानधन द्या, ‘बाई’ म्हणून शाळेत मानाने बसवा. एका खर्चात दोन पिढ्यांचे भले होते.

दुसरी गोष्ट, पंचांग जुळवा. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहांची कल्पना आपल्याकडे आली, ती याच विचारातून. फडांबरोबर फिरणाऱ्या कुटुंबांच्या मुलींसाठीही तसेच व्हायला हवे: दसऱ्यापासून वैशाखापर्यंत राहण्याची खात्रीची सोय, आणि तेथे शाळेबरोबर, मुलीची इच्छा असेल तर, आईची कलाही.

तिसरी गोष्ट नाजूक आहे. पण ती टाळली तर आमचे बोलणे अप्रामाणिक ठरेल. गुरूविषयीची श्रद्धा आपल्या रक्तात आहे, आणि त्या श्रद्धेचा गैरफायदा घेणारेही जगात आहेत. घरापासून दूर राहणारी मुलगी गुरूला ‘नाही’ म्हणू शकत नाही, आणि झालेले कोणाला सांगूही शकत नाही. बालकांच्या लैंगिक अत्याचारापासून संरक्षणाचा कायदा २०१२ साली झाला. पण कायदा घटनेनंतर येतो. म्हणून जेथे मुली निवासी शिकतात तेथे स्त्री अधीक्षक हवी, तालीम बंद दाराआड होता कामा नये, आणि आईबापांना केव्हाही येऊन पाहण्याची मुभा हवी. खेड्यातले आईबाप मुलीला पाठवायला कचरतात, तेव्हा त्यांना मागासलेले म्हणून मोकळे होऊ नये. त्यांचे भय खरे आहे. ते भय दूर करणे हे आपले काम आहे.

चौथी गोष्ट आपल्या शहराची, किंबहुना या सभागृहाची. आपल्या समारंभांना आपण दूरच्या शाळांतील मुली पाहुण्यांच्या स्वागतासाठी नाचायला आणतो. पहाटे चारला उठून, ट्रकमध्ये बसून त्या येतात. पाहुणे दोन तास उशिरा येतात. मुली उन्हात उभ्या असतात. आणि शेवटी त्यांच्या हाती एक पेला आणि एक केळे देऊन आपण त्यांना परत पाठवतो. ही रीत आपण सोडावी. त्या एका समारंभाचा खर्च घ्यावा, तो त्या शाळेत एका कलाशिक्षिकेच्या मानधनासाठी द्यावा, आणि पाच वर्षे देत राहावा. पाच वर्षांनी त्या मुलींना बोलवावे, रीतसर बिदागी देऊन, वेळेवर कार्यक्रम करून. आणि आपण श्रोते म्हणून खाली बसावे. एका शहराने एक शाळा धरली तरी पुरे. सगळ्या देशाचे ओझे आपल्यावर नाही. पण एका शाळेचे ओझे आपल्याला जड नाही.

श्रोतेहो, न्यायमूर्ती रानड्यांच्या प्रेरणेने १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली, ती लोकांनी ऐकून घरी जावे एवढ्यासाठी नव्हे. ऐकलेले काही हातून घडावे यासाठी. त्या परंपरेचा आधार घेऊन आम्ही हे मागणे आपल्यासमोर ठेवले आहे.

या दिवसांत कुर्डीचे पाणी उतरलेले असेल. तेथली जोती उघडी पडली असतील, आणि तेथे चालताना कोणीतरी सांगत असेल की मोगुबाई याच गावच्या. पाऊस आला की सारे पुन्हा झाकले जाईल. आपल्याकडे अशी कित्येक गावे आहेत की जी पाण्याखाली गेलेली नाहीत, उघड्या उन्हात उभी आहेत, आणि तरीही तेथील मुलींचा आवाज आपल्यापर्यंत पोहोचत नाही. मध्ये पाणी नाही. मध्ये आपण आहोत. आपण थोडे बाजूला सरलो आणि एक शिक्षिका तिकडे पाठवली, तर तो आवाज ऐकू येईल.